सिनॅप्सवरची पीएचडी जागा: विषय सोन्यासारखा, पण आधी रिग बघून घ्या

विषयाला पाचपैकी पाच, रोजच्या कामाला साडेतीन, पैशाला तीन आणि जाहिरातीच्या भाषेला जेमतेम दीड. सोलापुरात झुऑलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा फार्मसी करून न्यूरोसायन्सच्या पीएचडीकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी हे परीक्षण आहे. एका ठरावीक लॅबचं नाही. बंगळुरू, पुणे, मुंबई, मानेसर, झालंच तर जर्मनी, इथल्या सिनॅप्स लॅब (सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा) जी जागा देऊ करतात ती थोड्याफार फरकाने एकाच साच्यातली असते. त्या साच्याचं हे परीक्षण.

जाहिरातीपासूनच सुरुवात करू. ‘सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी, पॅच क्लॅम्प, सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपी, ऑप्टोजेनेटिक्स आणि बिहेव्हिअर’ हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, पाचही गोष्टी शिकायला मिळणार. तसं होत नाही. एक माणूस एक तंत्र नीट शिकतो, दुसरं कामापुरतं, आणि बाकीची तीन शेजारच्या टेबलावर चाललेली बघतो. एकटं पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटने एका पेशीतली वीज मोजणं, घेतलं तरी हाताला भरवसा यायला सहा महिने ते वर्ष जातं. तेव्हा यादी किती लांब आहे ते सोडा. त्यातलं कोणतं तंत्र शिकवणारा माणूस पुढची दोन वर्षं लॅबमध्ये असणार आहे, तेवढं विचारा. शिकवणारा सीनिअर सहा महिन्यांत थीसिस देऊन जाणार असेल, तर ते तंत्र त्याच्याबरोबर गेलं म्हणून समजा. गाइड कितीही नावाजलेले असले तरी ते रिगवर, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवर, येऊन बसत नाहीत.

हात एवढा महत्त्वाचा का, ते सिनॅप्सच्या आकारात आहे. दोन चेतापेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटरची. निरोप वाहून नेणाऱ्या पिशव्या, म्हणजे व्हेसिकल, ४० नॅनोमीटरच्या आसपास. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, त्यामुळे सगळा सिनॅप्स एक चमकता ठिपका होऊन बसतो. शेरिंग्टनने १८९७ मध्ये सिनॅप्स हा शब्द आणला तेव्हा ही फट कुणी पाहिलेली नव्हती. ती दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून. म्हणून आजही मार्ग दोनच आहेत: एक तर विजेच्या भाषेत सिनॅप्स ‘ऐकायचा’, नाहीतर खास मायक्रोस्कोपने ‘बघायचा’. आणि लॅब कुठल्या मार्गाची आहे यावर तुमची पाच वर्षं कशी जाणार ते ठरतं.

ऐकणाऱ्या लॅबमधला दिवस जवळून बघा, कारण जाहिरातीत नेमका तोच नसतो.

सकाळी पहिलं काम म्हणजे एसीएसएफ, कृत्रिम मेंदूजल. एक लिटरला सोडियम क्लोराइड ७.३ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१८ ग्रॅम, ग्लुकोज १.८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१९ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१५ ग्रॅम. हे विरघळवायचं आणि ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड अशा कार्बोजेनचे बुडबुडे दहा-पंधरा मिनिटं सोडायचे. मग एक मोलर साठ्यातून कॅल्शियम क्लोराइड २ मिली आणि मॅग्नेशियम क्लोराइड १ मिली. नवखा इथे घाई करतो, बुडबुड्यांच्या आधीच कॅल्शियम ओततो. पीएच चढलेला असतो, कॅल्शियम फॉस्फेट-कार्बोनेटशी जुळून खाली बसतं आणि बाटली ताकासारखी पांढुरकी होते. ती गाळून वापरायची नाही, सरळ ओतून द्यायची, कारण नेमकं जे कॅल्शियम हवं होतं तेच गेलेलं असतं. आणि कॅल्शियमशिवाय व्हेसिकल फुटत नाही, म्हणजे सिनॅप्स गप्प. पाणी अतिशुद्ध, १८.२ मेगाओहमचं लागतं, नळाचं चालत नाही. उजनीच्या पाण्याची पाळी सांभाळून हंडे-पिंप भरणाऱ्या सोलापूरकराला पाण्याचं नियोजन कुणी शिकवायला नको, एवढाच काय तो आपला फायदा.

शेवटी ऑस्मोमीटर लावायचा, म्हणजे द्रावणात एकूण किती कण विरघळलेत ते मोजायचं. ३०० ते ३१० मिलीऑस्मोल यायला हवं. पिपेटमध्ये भरायचं आतलं द्रावण त्यापेक्षा दहा-पंधराने कमी, म्हणजे २९० च्या आसपास, पीएच ७.२ ते ७.३, आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळलेलं. त्यात एटीपी आणि जीटीपी असतं, म्हणून ते उणे २० ला ठेवायचं आणि वापरताना बर्फावर. दुपारपर्यंत टेबलावर राहिलं तर पेशी मिळतात पण टिकत नाहीत, आणि दोष मात्र स्लाइसला दिला जातो.

मग स्लाइस. व्हायब्रेटोमवर, म्हणजे थरथरत्या पात्याच्या यंत्रावर, हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचे) ३०० ते ३५० मायक्रोमीटरचे काप, ३२ ते ३४ अंशांवर अर्धा तास, नंतर खोलीच्या तापमानाला. पात्याची आडवी थरथर जास्त आणि पुढे सरकण्याचा वेग कमी, हे सूत्र. पातं वर-खाली हलत असेल तर वरचा पेशींचा थर मेलाच. दोन-तीन आठवड्यांच्या उंदराचे काप सोपे जातात. प्रौढ उंदराचे अवघड, त्यासाठी कापताना सोडियम कमी केलेलं वेगळं द्रावण लागतं. जाहिरातीत ‘वार्धक्य आणि सिनॅप्स’ किंवा ‘अल्झायमर’ असं लिहिलेलं असेल तर काम प्रौढ, म्हाताऱ्या उंदरांवर आहे हे ओळखा आणि शिकण्याचे आणखी चार-सहा महिने हिशेबात धरा.

आता सील, म्हणजे पिपेटचं टोक पेशीला घट्ट चिकटवणं. काचेच्या पिपेटचा रोध ३ ते ५ मेगाओहम. आतून फुंकर देत पेशीजवळ जायचं. ५ मिलीव्होल्टचे ठोके दिले की स्क्रीनवर सव्वा नॅनोअँपिअरच्या चौकोनी पायऱ्या दिसतात. टोक पेशीला टेकलं की तिच्या पडद्यावर बारीकशी खळी पडते. त्याच क्षणी फुंकर सोडायची आणि तोंडाने किंवा सिरिंजने अगदी हलकं ओढायचं. पायऱ्या खुजट होत होत सपाट रेषा उरते. रोध एक गिगाओहमच्या वर गेला, सील लागलं. उणे ७० मिलीव्होल्टवर धरायचं, एक छोटा झटका ओढायचा, पडदा फुटतो आणि तुम्ही पेशीच्या आत. नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं ते या तंत्रामुळे उघड झालेल्या गोष्टींसाठी. सील लागायचा क्षण मात्र आजही तसाच आहे, त्याला यंत्राचं बटण नाही.

सील लागत नसेल तर कारणं बहुतेक वेळा साधी असतात. तीच पिपेट दुसऱ्यांदा वापरली. फुंकर मध्येच गळाली. पेशी फुगलेली आहे आणि तिचं केंद्रक स्पष्ट दिसतंय, म्हणजे ती मरायला टेकली आहे. किंवा चांदीच्या तारेवरचा क्लोराइडचा थर उडालाय, मग बेसलाइन सरकत राहते; तार घरगुती ब्लीचमध्ये काळपट होईतो बुडवली की काम होतं. पन्नास हर्ट्झची गुणगुण येत असेल तर कुठल्या तरी दिव्याचं किंवा पंपाचं अर्थिंग वेगळं आहे. सगळी अर्थिंग एकाच बिंदूवर आणून एकेक उपकरण बंद करत शोधायचं. आणि हादरे. सगळी रिग हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर असते ती यासाठीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या शेजारी कुणी रिग मांडली, तर चादर निघेल, रेकॉर्डिंग निघणार नाही.

सगळं जमलं तर चांगल्या दिवशी चार-सहा पेशी. वाईट दिवशी शून्य. पेशी मिळाली तरी सीरिज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेटच्या टोकाशी होणारा रोध, २० टक्क्यांहून जास्त बदलला की ती फेकायची. इथे मोह होतो, आणि इथेच लॅबची जात कळते. ज्या लॅबमध्ये हा आकडा प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत लिहिला जातो, तिथली जागा घ्यावी. ‘ट्रेस छान दिसतोय ना, ठेव’ असं चालत असेल, तर पुढे तुमच्या थीसिसमधलं निम्मं निरीक्षण हे सिनॅप्सचं नसून पिपेट तुंबल्याचं असेल.

बघणाऱ्या लॅबचं थोडक्यात. उंदराच्या गर्भातल्या किंवा नवजात पिल्लाच्या हिप्पोकॅम्पसपासून पेशी वाढवायच्या, पॉली-डी-लायसिन लावलेल्या काचेवर. सिनॅप्स पक्व व्हायला १४ ते २१ दिवस. विसाव्या दिवशी बुरशी आली की तीन आठवडे पाण्यात. नंतर अँटिबॉडी: निरोप पाठवणाऱ्या बाजूला ‘बसून’ (Bassoon) नावाचं प्रथिन, घेणाऱ्या बाजूला पीएसडी-९५ हे प्रथिन, आणि दोन रंगांचे ठिपके जोडीने दिसले तर सिनॅप्स म्हणायचं. पीएसडी-९५ चं रंगकाम फिक्सेशनला फार लाजरं आहे. फॉर्मल्डिहाइडमध्ये जास्त वेळ राहिलं की अँटिबॉडीला जागाच सापडत नाही. अँटिबॉडीचा नवा लॉट आला की जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि परदेशातून यायला आठवडे लागत असल्याने हे वेळेत कुणी करत नाही. स्टेड किंवा स्टॉर्म हा सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोप लॅबचा स्वतःचा आहे की संस्थेच्या सामायिक सुविधेत तासावर मिळतो, हे नक्की विचारा. रात्री दोनचा स्लॉट हा नवख्याचाच असतो.

आता पैसा. कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो: ‘पीएचडी म्हणजे पगार मिळणार का आपणच फी भरायची?’ भारतात नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ म्हणून ४२,०००. हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. एकूण पाच वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, आणि सिनॅप्सच्या प्रायोगिक कामाला साडेपाच-सहा वर्षं सहज लागतात. म्हणजे शेवटचे काही महिने फेलोशिप संपलेली आणि थीसिस बाकी, अशी वेळ येते. तेव्हा लॅबच्या प्रोजेक्टमधून पैसे मिळतात का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडते असंही समजू नका. बरेचदा दोन-तीन महिन्यांची एकदम येते, त्यामुळे पहिल्या तिमाहीचा खर्च गाठीशी बांधून निघावं. महाराष्ट्रातल्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या पीएचडी फेलोशिपही आहेत. ज्या प्रवर्गात बसता त्यांची सूचना वेळेवर बघा.

सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे. ‘ज्युनिअर रिसर्च फेलो हवा’ अशी जाहिरात आणि ‘पीएचडी प्रवेश’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रोजेक्टची नोकरी असते. प्रोजेक्ट संपला की जागा संपली, आणि पीएचडीची नोंदणी होईलच असं नाही. दोन वर्षं हाडं झिजवून डेटा काढायचा आणि नोंदणीच झालेली नाही हे शेवटी कळायचं, असं होतं. नोंदणी कुठल्या विद्यापीठात, कधी आणि कोणत्या परीक्षेच्या आधारे, हे ईमेलवर लेखी घ्या. बंगळुरूचं एनसीबीएस आणि मुंबईचं टीआयएफआर यांसारख्या संस्थांत निवड थेट पीएचडीसाठीच होते, तिथे हा घोळ नसतो.

जर्मनीची जाहिरात वाचताना ‘टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के’ असं दिसेल. टीव्ही-एल ही जर्मन राज्यांची सरकारी वेतनश्रेणी; टक्केवारी करारातल्या कामाच्या वेळेची, आणि पगार त्याच प्रमाणात. लॅबमध्ये मात्र पूर्ण वेळच अपेक्षित असतो. त्यातून कर, आरोग्य विमा आणि पेन्शन कापलं जातं, करार बहुधा तीन वर्षांचा. तिथल्या जागेला पैशासाठी चार गुण देता येतील, पण तीन वर्षांत शिकण्याचा काळ धरून काम संपवायचं तर पहिल्या दिवशी रिग चालू हवी. नव्या प्राध्यापकाची नवी लॅब असेल तर पहिलं वर्ष टेबलं जोडण्यात आणि प्राण्यांच्या परवानगीत जातं. भारतातही तेच: संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही उंदीर हातात येत नाही. मंजूर प्रोटोकॉलमध्ये तुमचा प्रयोग आधीच बसतो का, एवढं विचारलंत तर चार महिने वाचतील.

मुलाखतीत सिनॅप्सच्या लॅबचा एक आवडता सापळा आहे. मिनिएचर करंटची, म्हणजे एकेका व्हेसिकलमुळे उठणाऱ्या बारीक प्रवाहांची, आकृती दाखवतात: टीटीएक्स (चेतापेशींचे मोठे विद्युत-ठोके थांबवणारं विष) घातलेलं, पेशी उणे ७० वर, १०-२० पिकोअँपिअरचे बारीक ठोके. एका गटात ठोके जास्त वेळा येतात, उंची तीच. अर्थ काय? पाठ केलेलं उत्तर: वारंवारता वाढली म्हणजे फरक पाठवणाऱ्या बाजूला. निम्मं बरोबर. व्हेसिकल सुटण्याची शक्यता वाढली असेल, किंवा सिनॅप्सची संख्याच वाढली असेल. आणि तिसरी वाट: पूर्वी ज्या सिनॅप्समध्ये एएमपीए रिसेप्टरच, म्हणजे ग्लुटामेटचा निरोप पकडणारी प्रथिनंच, नव्हती, त्या मुक्या सिनॅप्समध्ये ती आली, तर बदल घेणाऱ्या बाजूला होऊनही वारंवारताच वाढलेली दिसेल. मग तुम्ही कसं ओळखाल? ५० मिलीसेकंदांच्या अंतराने दोन ठोके देऊन दुसऱ्या प्रतिसादाचं पहिल्याशी गुणोत्तर काढा. सुटण्याची शक्यता वाढली असेल तर ते घटतं. आणि सिनॅप्स मोजा. इतकं नीट बोललात तर कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. पुढचा प्रश्न बहुधा आकड्याचा असतो: तीन उंदरांच्या तीस पेशी, तर एन, म्हणजे स्वतंत्र नमुने, किती? तीस म्हणालात की गुण गेले. एकाच उंदराच्या दहा पेशी एकमेकींची भावंडं आहेत, त्यांना स्वतंत्र धरता येत नाही.

सोलापुरात बसून तयारी काय करता येईल? भरपूर. एमएस्सीच्या डिझर्टेशनला ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) अळीचा चेता-स्नायू सिनॅप्स घ्या. तो ग्लुटामेटवर चालतो, आपल्या मेंदूतल्या मुख्य उत्तेजक सिनॅप्ससारखा, आणि उंदरांसाठी लागते तशी परवानगी लागत नाही. भिंतीवर चढू लागलेली तिसऱ्या टप्प्यातली अळी घ्यायची, सिलिकॉन भरलेल्या डिशमध्ये डोकं आणि शेपटी बारीक टाचण्यांनी ताणायची, पाठीच्या मध्यरेषेवर कापायचं, आतडं काढायचं, चारही कोपरे ताणले की स्नायूंच्या पट्ट्या दिसतात. सहा आणि सात क्रमांकाच्या स्नायूंमधल्या सिनॅप्सच्या गाठी मोजणं हा पूर्ण प्रकल्प होतो. स्टिरिओ मायक्रोस्कोप, चांगली स्प्रिंग कात्री आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर काही तास, एवढ्यात भागतं. फक्त माशा बीओडी इन्क्युबेटरमध्ये २५ अंशांवर ठेवा. तिशीच्या आसपासच नर वांझ होऊ लागतात, आणि आपल्या मे महिन्याच्या त्रेचाळिशीत बाटल्या टेबलावर राहिल्या तर एका आठवड्यात वंश बुडतो. सोबत फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरवर ठिपके मोजणं आणि थोडं पायथन. याच्या जोडीला तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप मिळाली, तर अर्जात लिहिण्यासारखं खरं काही तरी हाती असेल.

मुलाखतीचं बोलावणं बंगळुरूहून आलं तर उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुणी स्लाइस कापत असेल तर बघू द्याल का, असं विचारा. आत गेल्यावर रिगच्या बाजूला काचेच्या कचऱ्याचा डबा असतो, त्यात डोकावा. वापरलेल्या पिपेटांनी तो भरलेला असेल तर लॅब चालू आहे. रिकामा असेल आणि टेबलावर बोट फिरवल्यावर धूळ लागली, तर वॉलवरचे पेपर कुठल्या साली छापलेत ते वाचा आणि संध्याकाळची गाडी धरा.